सांगली-साताऱ्यात अपंग मुलांनी खेळायचं कुठं? (पदकासाठी नव्हे, संध्याकाळी सहाला)

अनघा_विश्रामबाग | सोमवार, रात्री ९:१०

थेट विचारते. सांगली, मिरज, कुपवाड, फार तर कराड-सातारा, या पट्ट्यात सेरेब्रल पाल्सी असलेल्या अठरा वर्षांच्या मुलाला आठवड्यातून दोन-तीनदा नियमित खेळता येईल अशी जागा कुणाला माहीत आहे का?

भाचा आहे माझा. दोन्ही पाय आखडलेले, कोपराच्या कुबड्या घेऊन चालतो. हात बऱ्यापैकी चालतात. बोलणं जरा जड, डोकं आम्हा सगळ्यांपेक्षा तल्लख. शाळेत होता तोवर समाजकल्याणच्या जिल्हास्तरीय स्पर्धा असायच्या. वर्षातला एक दिवस, डोक्यावर टोपी, हातात केळं, संध्याकाळी प्रमाणपत्र. बारावी झाली आणि तेही संपलं. फिजिओथेरपी चालू आहे, पण तो म्हणतो, "मावशी, तो व्यायाम झाला. खेळ नव्हे. खेळात कुणीतरी हरायला पाहिजे."

मला त्याला पॅरालिम्पिकला धाडायचं नाही. आपल्याकडे अपंग माणसानं एक तर पदक आणायचं नाहीतर घरात बसायचं, मधलं काही शिल्लकच ठेवलेलं नाही, असं माझं मत झालंय. गल्लीत प्लास्टिकच्या बॉलनं क्रिकेट खेळणाऱ्या पोरांना कुणी विचारतं का, तू रणजी खेळणार का म्हणून?

अनुभव सांगा, पत्ते सांगा, भांडलात तरी चालेल. 'जिद्दीला सलाम' तेवढं नको.

भडंगवाला | सोमवार, रात्री ९:२५

वाखू (वाचनखूण) साठवली. उत्तर ठाऊक नाही, धागा वर राहावा म्हणून प्रतिसाद.

करगणीकर | सोमवार, रात्री ९:४८

ताई, पदकाचा विषय नको म्हणता, पण आमच्या जिल्ह्याचं नाव काढल्यावर गप कसं बसायचं! भारताचं पॅरालिम्पिकमधलं पहिलं वैयक्तिक सुवर्ण कुणाचं? मुरलीकांत पेटकर. गाव पेठ, तालुका वाळवा. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, आधी लष्करात बॉक्सिंग करायचे ते पाण्यात उतरले, आणि १९७२ ला हायडलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत मारली. पद्मश्री मिळायला २०१८ उजाडलं, ते सोडा. पेठ नाक्यावर एसटीची वाट बघत उभ्या असलेल्या किती जणांना हे माहीत आसंल?

आणि आमचा सचिन खिलारी! करगणी, तालुका आटपाडी. पॅरिस २०२४, गोळाफेक एफ ४६ (हाताला अपंगत्व असलेल्यांचा गट), १६.३२ मीटर, रौप्य. माणदेशात पाणी नाय म्हणता, माणसं हायत की.

अजिंक्यतारा_४१५००१ | सोमवार, रात्री १०:०२

झालं, सांगलीकरांनी धागा ताब्यात घेतला. खाशाबा जाधव गोळेश्वरचे, म्हणजे सातारा जिल्हा, १९५२ चं ऑलिम्पिक कुस्तीतलं कांस्य. आदिती स्वामी साताऱ्याची, २०२३ ला बर्लिनमध्ये सतराव्या वर्षी तिरंदाजीची जगज्जेती. आता बोला.

भडंगवाला | सोमवार, रात्री १०:०४

कंदी पेढे विरुद्ध भडंग सामना सुरू. मी पॉपकॉर्न घेऊन बसलोय. (हलके घ्या)

अनघा_विश्रामबाग | सोमवार, रात्री १०:१५

करगणीकर, अभिमान मलाही आहे. पण तुम्ही माझाच मुद्दा पक्का केलात. पहिलं सुवर्ण आपल्या जिल्ह्यातलं, पॅरिसचं रौप्यही आपल्याच जिल्ह्यातलं, आणि माझ्या भाच्याला सहा वाजता जायला जागा नाही.

आडवा_छेद | सोमवार, रात्री ११:३०

कटू वाटेल पण लिहितो. ज्या माणसाला यूडीआयडी कार्डासाठी (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) सिव्हिलला चार खेपा माराव्या लागतात, ज्याला एसटीच्या पायऱ्या चढवत नाहीत, ज्याची पेन्शन तीन-तीन महिने येत नाही, त्याला तुम्ही खेळ कसले देताय? आधी नोकरी, मग औषध, मग प्रवास. खेळ ही पोट भरलेल्यांची गोष्ट. शहरी मध्यमवर्गाला मुलाचं मन रमवायचं असतं, एवढाच या धाग्याचा अर्थ.

दोन_चाकी | मंगळवार, सकाळी ७:२०

आडवा_छेद, तुमचा आयडी योग्य आहे. माझ्याही मणक्याला आडवाच छेद गेलाय. उसाच्या ट्रॉलीवरून पडलो, कमरेखाली संवेदना नाही. पेन्शन वेळेवर येत नाही हेही खरं, एसटीचंही खरं.

पण तुमचा क्रम मला मान्य नाही. पडल्यानंतर मी आधी नोकरीला लागलो नाही. आधी मला खुर्चीतून पलंगावर आणि पलंगावरून खुर्चीत स्वतःचं स्वतः जाता येईना. खांद्यात तेवढी ताकदच नव्हती. ती ताकद आली गोळा फेकून. एका ओळखीच्या पोरानं नाद लावला. त्यानंतर संडासला जायला आईला हाक मारायची बंद झाली. नोकरी तिथून पुढं. तुम्ही म्हणता आधी पोट, मग खेळ. माझ्याकडं खेळामुळं पोटापर्यंत पोचता आलं.

आणि ही काही माझी एकट्याची शक्कल नाही. पॅरालिम्पिकचा जन्मच इस्पितळात झालाय. इंग्लंडात स्टोक मँडेव्हिलला डॉ. लुडविग गुटमन मणक्याच्या जखमी सैनिकांकडून खेळ करून घ्यायचे, उपचार म्हणून. १९४८ ला तिथं खुर्चीवर बसून तिरंदाजीची स्पर्धा झाली, तिथून सगळं सुरू.

फिजिओ_मिरज | मंगळवार, दुपारी १:४०

दोन_चाकी यांना पूर्ण सहमत. अनघाताई, थोडी माहिती देते. भाच्याला न तपासता निदान करणार नाही, पण दिशा कळेल.

सेरेब्रल पाल्सीचे जे लोक चालू शकतात त्यांचे मैदानी खेळातले गट साधारण ३५ ते ३८, खुर्चीवरचे ३१ ते ३४. आकड्याआधी टी असेल तर धावणं, एफ असेल तर फेक. पोहण्यात एस. हे गट डॉक्टरच्या दाखल्यावरून नव्हे, तर वर्गीकरण करणारे लोक खेळाडूला प्रत्यक्ष हालचाली करायला लावून, खेळताना बघून ठरवतात. पण तुम्हाला पदक नकोय, तर हे डोक्यातून काढून टाका. नुसतं खेळायला गट लागत नाही.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. एक, गार पाण्यात आणि गारठ्यात आखडलेले स्नायू जास्त आखडतात. पोहणं त्याला फार चांगलं, पण जानेवारीतल्या सकाळी सहाच्या बॅचला नको. दुसरी गोष्ट दोन_चाकींसारख्यांसाठी: मणक्याची इजा छातीच्या वरच्या भागात असेल तर त्याखाली घामच येत नाही. एप्रिलमध्ये दुपारी चारला मैदानावर उतरवलं तर अंग तापत जातं आणि माणसाला कळत नाही. ओला टॉवेल, पाण्याची फवारणी, सावली. आणि संवेदना नसलेल्या पायाला टाइल घासली तरी दुखत नाही, म्हणून पोहून आल्यावर टाचा, ढुंगण, घोटे डोळ्यांनी बघायचे. एका साध्या खरचटण्याची जखम महिनाभर पलंगावर पाडते.

'बोच्चा' नावाचा खेळ बघा. खास सेरेब्रल पाल्सीसाठीच आहे म्हटलं तरी चालेल. एक पांढरा चेंडू, सहा लाल, सहा निळे, पांढऱ्याच्या जवळ ज्याचा चेंडू जास्त तो जिंकला. मैदान साडेबारा बाय सहा मीटर. खरे चामड्याचे चेंडू महाग पडतात. आमच्याकडं मोज्यात ज्वारी भरून, तोंड शिवून काम भागवलंय.

करगणीकर | मंगळवार, दुपारी २:०५

ज्वारी का बाजरी? गोट्या खेळतोय तसंच की हे. लई भारी.

आई_वाईची | मंगळवार, दुपारी ४:१५

सगळे हातापायांबद्दलच बोलताय म्हणून लिहिते. माझी मुलगी चोवीस वर्षांची, डाउन सिंड्रोम. हातपाय धडधाकट. तिला रॅम्प नको, तिला सोबत हवी. ती खेळाचे नियम मधेच बदलते, हरली की बसून राहते, जिंकली की समोरच्याला मिठी मारते. सोसायटीतल्या मुलांनी आठवडाभर घेतलं, मग "काकू, ती खेळ बिघडवते" म्हणाले. खोटं नव्हतं ते.

स्पेशल ऑलिम्पिक्स वेगळं आणि पॅरालिम्पिक वेगळं, हे मला फार उशिरा कळलं. स्पेशल ऑलिम्पिक्स फक्त बौद्धिक अपंगत्व असलेल्यांसाठी, १९६८ पासूनचं. तिथं आधी सगळ्यांची वेळ घेतात आणि जवळपास सारख्या वेगाच्या मुलांना एकत्र पळवतात. म्हणजे प्रत्येक शर्यत चुरशीची. अजून एक पद्धत मला मनापासून आवडली, 'युनिफाइड'. एकाच संघात अपंग आणि बिनअपंग, दोन्ही खेळाडू. सोसायटीतल्या पोरांना हेच कुणीतरी मोठ्यानं शिकवायला हवं होतं. नुसतं "घ्या हो तिला" म्हणून होत नाही.

आणि आडवा_छेद, मुलीच्या आईचा प्रवासाचा मुद्दा तुम्ही लिहिलाच नाहीत. मुलाला मैदानावर सोडून बाप चहाला जातो. मुलीला सोडून मी हलू शकत नाही.

घाटावरचा | मंगळवार, रात्री ८:३०

पोहण्याचा विषय निघाला म्हणून. आमच्या लहानपणी सांगलीत क्लोरीनचा तलाव कुणाला लागत होता? पाठीला भोपळा बांधायचा आणि कृष्णेत सोडायचं. आमच्या आळीतला एक पोलिओचा दादा आमच्यात सगळ्यात पुढं असायचा. काठावर रांगत यायचा आणि पाण्यात गेला की कुणाच्या बापाला ऐकत नसे. पुराच्या पाण्यात आयर्विन पुलावरून उड्या टाकणाऱ्यांत तोही होता (हे कुणी करू नका). तेव्हा त्याला 'दिव्यांग क्रीडा' वगैरे काही माहीत नव्हतं.

भडंगवाला | मंगळवार, रात्री ८:३८

आता कृष्णेत उतरा की. भिलवडी-औदुंबरच्या मगरी 'युनिफाइड' पद्धत मानतात. अपंग, बिनअपंग, दोन्ही चालतात.

दोन_चाकी | मंगळवार, रात्री ८:५५

=)) =))

मगर परवडली. मी एका तलावावर गेलो होतो, सांगली-साताऱ्याच्या दरम्यान कुठंतरी समजा. पाणी उत्तम, जीवरक्षक चांगला, फीमध्ये सवलतही होती. फक्त कपडे बदलायची खोली अर्ध्या जिन्यावर. आणि संडासाचं दार खुर्चीपेक्षा चार बोटं अरुंद. मला पाण्यात काही अडचण नाही, पाण्याच्या आधी आणि नंतर आहे. माणूस दोन तास खेळणार म्हणजे एकदा तरी लघवीला जाणार, हे ज्यानं मैदान बांधलं त्याच्या डोक्यात आलं की अर्धं काम झालं. लाखाची स्पोर्ट्स व्हीलचेअर नंतर बघू.

बुद्धिबळ_सांगली | मंगळवार, रात्री ९:४०

सांगलीत खेळाचा धागा आणि बुद्धिबळाचं नाव नाही? सांगलीत बुद्धिबळ रुजवणाऱ्या भाऊसाहेब पडसलगीकरांच्या गावात?

अंध खेळाडूंसाठी हा खेळ असा आहे की जिथं वेगळी स्पर्धा लागतेच असं नाही. थेट डोळसांशी खेळतात. पटाला प्रत्येक घरात भोक असतं, मोहऱ्यांना खाली खुंटी. काळी घरं किंचित उंच, आणि एका रंगाच्या मोहऱ्यांच्या डोक्यावर टोचरा ठिपका. डोळस आपल्या पटावर खेळतो, अंध आपल्या, आणि चाल तोंडानं सांगायची. हात लावला तर खेळलंच पाहिजे हा नियम अंधांना कसा लावायचा? ते तर हातानंच पट बघतात! म्हणून मोहरा भोकातून उपसला तरच 'हात लावला' धरतात. मी एकदा एका अंध मुलाशी खेळलो, त्यानं बोटं फिरवत माझा घोडा इतका वेळ कुरवाळला की मला वाटलं हा मारणार. मारला उंट.

अनघा_विश्रामबाग | मंगळवार, रात्री १०:००

छान माहिती, पण आमच्या पठ्ठ्याला बुद्धिबळ येतं. घरात कुणी त्याच्याशी खेळत नाही, सगळे हरतात. त्याला घाम हवाय.

सून_कोडोलीची | मंगळवार, रात्री १०:२०

माझा दीर जन्मापासून ऐकू न येणारा, लहानपणापासून तालमीत. तालमीत त्याला कधी वेगळं काढलं नाही. वस्ताद खांद्यावर थाप मारून डाव सांगायचे. अडचण फक्त पंचांच्या शिट्टीची, ती त्याला ऐकू यायची नाही आणि समोरच्यानं हात सोडला तरी हा सोडायचा नाही. 😀 मूकबधिरांचं पॅरालिम्पिकमध्ये काही नसतं, त्यांचं डेफलिंपिक्स वेगळं. चांगल्या कानाचीही ऐकण्याची घट किमान ५५ डेसिबल लागते आणि खेळताना कानाचं मशीन काढून ठेवायचं. हरियाणाचे वीरेंदर सिंह याच कुस्तीतून पद्मश्रीपर्यंत गेले.

आडवा_छेद | मंगळवार, रात्री ११:१०

दोन_चाकी, खांद्याच्या ताकदीचा मुद्दा पटला. खेळ आणि उपचार यांत मी भिंत घालत होतो, तिथं तुमचं खरं. पण उरलेलं मागं घेत नाही. पैसा कुठून येणार? शासन उद्या 'दिव्यांग क्रीडा केंद्र' नावाची इमारत बांधेल, फीत कापली जाईल, आणि आतलं सामान गंजेल. इमारत हा आपल्याकडं सगळ्या प्रश्नांचा शेवट असतो.

निवृत्त_पीटी_मास्तर | बुधवार, सकाळी ६:०५

नमस्कार मंडळी. धागा पूर्ण वाचला. सदतीसाव्या वर्षापासून मधुमेह आहे, म्हणून पहाटेच उठतो.

आडवा_छेद यांना आधी पैशाचं उत्तर. २०१६ चा अपंग हक्क कायदा, कलम ३०, खेळाबद्दलच आहे. आणि महाराष्ट्रात ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत प्रत्येकाला स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. बहुतेक ठिकाणी मार्चअखेरीस तो कसाबसा वाटून टाकतात. ग्रामसभेत जाऊन "यातून अमुक सामान घ्या" असं लेखी मागणारा माणूस मी अजून फारसा बघितलेला नाही.

आता मूळ प्रश्न. इमारत नको, हे मलाही मान्य. मी म्हणतो बैठी व्हॉलीबॉल. जमिनीवर बसून. मैदान १० बाय ६ मीटर, नेट पुरुषांसाठी १.१५ मीटर, बायकांसाठी १.०५. चेंडू मारताना खांद्यापासून ढुंगणापर्यंतचा काही ना काही भाग जमिनीला टेकलेला पाहिजे, एवढा एक नियम कडक. पाय रेषेबाहेर गेले तरी चालतात, जागा ढुंगणावरून धरतात. समोरून आलेली सर्व्हिससुद्धा ब्लॉक करता येते, जी उभ्या खेळात येत नाही.

याचा फायदा असा की खुर्च्या लागत नाहीत, गट लागत नाही, आणि धडधाकट माणूस बसला की त्याची सगळी मस्ती उतरते. मी शाळेत एकदा नववीच्या उंच पोरांना बसवून खेळवलं. पायात पाय अडकून नुसती गुंतवळ झाली. पोलिओची एक मुलगी होती, ती हातांवर सरकत सगळीकडं पोचत होती.

फिजिओ_मिरज | बुधवार, सकाळी ९:३०

मास्तर, कल्पना उत्तम! पण बाहेर मैदानावर नको. खडीवर सरकून मांड्या आणि तळवे सोलून निघतील. आणि सध्या आषाढ, चिखल. गुळगुळीत फरशी हवी, छप्पर हवं, संडास हवा, दारात पायरी नको. दोन_चाकींनी स्वतः उतरायचं असेल तर खाली जाड गादी आणि चड्डीत पॅड. खरंतर त्यांच्यासाठी बोच्चाच बरा.

दोन_चाकी | बुधवार, सकाळी ९:५०

चड्डीपर्यंत चर्चा गेली. मी पंच होतो.

अजिंक्यतारा_४१५००१ | बुधवार, दुपारी १२:१५

गंमत बाजूला. साताऱ्यात तिरंदाजीचं वातावरण आहे, प्रशिक्षक आहेत, अपंगांना तिथं जोडून घेणं सगळ्यात सोपं. रिकर्व्हला (टोकं पुढं वळलेलं धनुष्य) बसून मारा की उभं राहून, अंतर तेच ७० मीटर. जम्मूची शीतल देवी पायानं धनुष्य धरते आणि पॅरिसला राकेश कुमारबरोबर कांस्य घेऊन आली. २०२८ च्या लॉस एंजेलिसला पॅरा क्लाइंबिंगही येतंय. सह्याद्री आमच्याच बाजूला आहे, सांगलीकरांनी दंडोबाच्या डोंगरावर सराव करावा.

फिरण्याचंही लिहून ठेवतो. अजिंक्यताऱ्यावर दरवाजापर्यंत गाडी जाते, वरून अख्खं शहर दिसतं. सज्जनगडाला शेवटी पायऱ्याच आहेत. कासला फुलांच्या दिवसांत गर्दी आणि पाऊस, खुर्ची चिखलात रुतते. आठवड्याच्या मधल्या दिवशी जा.

करगणीकर | बुधवार, दुपारी १२:४०

दंडोबाला नाव ठेवू नका. बाकी बरुबर हाय.

घाटावरचा | बुधवार, संध्याकाळी ६:४५

छप्पर, गुळगुळीत फरशी, संडास, पायरी नाही. अहो, हे तर मंगल कार्यालय झालं!

आषाढ चालू आहे. चातुर्मास लागला की तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त नाहीत. सांगलीतली निम्मी कार्यालयं रिकामी पडून असतात. फार तर एखादं बारसं, मासिक श्राद्ध, साड्यांचा सेल. म्हाताऱ्यांना जेवायला नेता यावं म्हणून बऱ्याच ठिकाणी दारात उतार केलेला असतो. माझा मावसभाऊ एक कार्यालय चालवतो, विचारू का?

निवृत्त_पीटी_मास्तर | बुधवार, संध्याकाळी ६:५२

विचारा. आत्ता विचारा.

अनघा_विश्रामबाग | बुधवार, संध्याकाळी ७:००

घाटावरचे दादा, तुमच्या तोंडात साखर! ताबडतोब विचारा. भाड्याचं आपण बघू.

आडवा_छेद | बुधवार, रात्री ९:१५

एक शंका. पाऊस वाढला आणि आयर्विनला पाणी ४० फुटांच्या इशाऱ्याच्या वर गेलं की याच कार्यालयांत पूरग्रस्त येतात. २०१९ विसरलात? तेव्हा तुमचं व्हॉलीबॉल कुठं?

दोन_चाकी | बुधवार, रात्री ९:२०

तेव्हा आम्हीच पूरग्रस्त असू. आत आहोतच म्हणून खेळू.

घाटावरचा | शुक्रवार, दुपारी ३:३०

मावसभाऊ तयार. मंगळवार आणि शनिवार, संध्याकाळी साडेपाच ते साडेसात. भाडं नको म्हणतो, विजेचं बिल आणि झाडलोट आपली. खांबांना खिळे मारायचे नाहीत. अट एकच: हॉलमध्ये चप्पल नाही. मी म्हटलं आमच्या खेळात उभंच राहायचं नाही, चप्पल कसली घेऊन बसलास.

दारात मात्र दोन पायऱ्या आहेत, उतार नाही. मी मनात दुसरंच कार्यालय धरून बोललो होतो.

फिजिओ_मिरज | शुक्रवार, दुपारी ४:१०

दोन पायऱ्या म्हणजे साधारण एक फूट उंची. उतार एकास बारा हवा, म्हणजे बारा फूट लांब. त्याहून चढ तीव्र झाला तर खुर्ची मागं उलटते. विटा रचून फळी टाकू नका, मी त्याचे परिणाम बघितलेत.

दोन_चाकी | शुक्रवार, दुपारी ४:३०

कुपवाड एमआयडीसीत माझ्या ओळखीचा वेल्डिंगवाला आहे. गोळा फेकायची माझी बसायची चौकट त्यानंच केली, गादीसकट ७५ सेंटिमीटरच्या वर जाता कामा नये म्हणून टेप घेऊन माझ्याशी भांडला होता. चेकर्ड प्लेटचे सहा-सहा फुटांचे दोन तुकडे करून घेऊ, बिजागरीनं दुमडतील, टेम्पोत बसतील. त्याला मोजमाप लागेल. घाटावरचे, टेप घेऊन जा आणि 'साधारण' म्हणू नका.

आई_वाईची | शुक्रवार, संध्याकाळी ५:४५

वाईहून मंगळवारी जमणार नाही, शनिवारी येईन. माझी लेक नेटखालून पलीकडच्या संघात जाईल, चालेल ना?

निवृत्त_पीटी_मास्तर | शुक्रवार, संध्याकाळी ५:५०

चालेल. त्या डावापुरती ती त्यांची. तुम्हीही खेळायचं, खुर्चीवर बसून बघायचं नाही.

कुबड्यावाला | शुक्रवार, रात्री ८:०५

नवीन आयडी. मीच तो भाचा. मावशीनं परवानगी न घेता माझ्यावर धागा काढला, आणि त्यात 'पठ्ठ्या' लिहिलंय. असो.

प्रश्न: १) सेट किती गुणांचा? २) मास्तर कोणत्या संघात? मला त्यांच्याविरुद्ध खेळायचंय. ३) आडवा_छेद काका येणार का? नुसतं लिहून बसायला ते काही अपंग नाहीत.

भडंगवाला | शुक्रवार, रात्री ८:०७

टाळ्या.

निवृत्त_पीटी_मास्तर | शुक्रवार, रात्री ८:३०

२५ गुण, दोनच्या फरकानं. पाचवा सेट १५ चा, पण तिथवर कुणी टिकणार नाही. मी विरुद्ध संघात. गुडघ्याला पट्टा बांधून येईन.

आडवा_छेद | शुक्रवार, रात्री १०:४०

शनिवारी येतो. कंबर धरली तर जबाबदार कोण ते आधी ठरवा.

फिजिओ_मिरज | शुक्रवार, रात्री १०:४५

मी. दवाखान्याची वेळ दहा ते एक.

घाटावरचा | शनिवार, सकाळी ११:२०

टेप लावला. पहिली पायरी साडेसहा इंच, दुसरी सहा. एकूण साडेबारा. आणि दारासमोर बारा फूट जागा सरळ मिळत नाही, नऊ फुटांवर गटार आहे. उतार एल आकारात वळवावा लागेल.

दोन_चाकी | शनिवार, सकाळी ११:३२

मग वळणावर पाच बाय पाच फुटांचा सपाट चौथरा पाहिजे, खुर्ची फिरवायला. आणि साडेबारा इंचाला साडेबारा फूट उतार धरा, चौथरा सोडून. फोटो टाका, गटारासकट. वेल्डिंगवाला आज चारपर्यंतच आहे.